येरळेच्या पाणवनस्पतींबरोबर काय काय आलंय? ओळख पटवायला मदत हवी

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. मी मिरजेला असतो. घरी तीन फुटी टाकी आहे, गप्पी मासे आणि चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी) एकत्र. मध्यंतरी विट्याकडे पाहुण्यांच्यात गेलो होतो. येरळा नदीवरच्या केटी बंधाऱ्याला बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेत, फुगवट्याचं पाणी नितळ, आणि काठाला हायड्रिला, सेराटोफायलम, व्हॅलिसनेरियाचं नुसतं रान माजलंय. बादलीभर घेऊन आलो. टाकीत अजून एक काडीही घातलेली नाही, सगळं गच्चीवर टबात आहे.

पण टबात रोज नवं काहीतरी दिसतंय. सगळ्यात आधी दिसला तो काटकुळा हिरवट किडा, शेपटीच्या टोकाला तीन बारीक पानं, अंग डावी-उजवीकडे वळवत पोहतो. मग गोगलगायी. एक चपटी, तपकिरी, शंखाचे वेढे एकाच पातळीत. दुसरी पातळ, टोकदार शंखाची. आणि टबाच्या कडेला चिकटलेले दोन-तीन मिलिमीटरचे बसके शंकू, ते सरकताना दिसेपर्यंत मी त्यांना मातीचे कण समजत होतो.

ज्याच्यासाठी खरं तर धागा काढला ते वेगळंच आहे. सेराटोफायलमच्या देठावर पारदर्शक जेलीचा गोळा आहे, करंगळीच्या नखाएवढा. टब हलला नाही तर थोड्या वेळानं त्यातून पांढरे तुरे बाहेर येतात. काडी लावली की सगळे एकदम आत. अंडी म्हणावीत तर अंडी असं करत नाहीत.

घरचे म्हणतात, सगळं ओतून दे. मला ओतायचं नाही. पण टाकीत श्रिंपची पिल्लं आहेत, त्यांच्या जिवावर बेतेल असंही काही करायचं नाही. कुणाला ठेवायचं, कुणाला नाही, सांगा.

टाचणी_चतुर

काटकुळा किडा म्हणजे टाचणीची, चतुरासारख्याच पण सडपातळ उडत्या किड्याची, अळी. तीन पानं ही तिची कल्ल्यांसारखी श्वसनाची अंगं आहेत. चतुराची अळी असती तर ती बुटकी, रुंद दिसली असती आणि शेपटीला पानं नसती. चतुराच्या अळीचे कल्ले पोटात, गुदमार्गात असतात. तिथलं पाणी ती जोरात बाहेर फेकते आणि त्या धक्क्यानं पुढे सुटते. एकदा पाहिलं की दोघींत गल्लत होत नाही.

शिकारी मात्र दोघी. खालचा ओठ घडी घालून तोंडाखाली ठेवलेला असतो, भक्ष्य टप्प्यात आलं की तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पुढे फेकला जातो. टाचणीची अळी मोठ्या गप्पीला काही करणार नाही, पण गप्पीची नवी पिल्लं आणि श्रिंपची पिल्लं नक्की खाणार. श्रिंपच्या टाकीत ती अजिबात नको.

आता महत्त्वाचं. टाचणीची मादी अंडी पाण्यात सोडत नाही. पोटाच्या टोकाशी असलेल्या धारदार अंगानं देठाला चीर पाडून त्यात एकेक अंडं घालते. म्हणजे वनस्पती नळाखाली कितीही खळखळून धुतली तरी अंडी देठातच राहतात. आपल्याकडच्या उबदार पाण्यात साधारण आठवडा ते तीन आठवड्यांत ती फुटतात. "धुऊन लावलं होतं, तरी महिन्यानं टाकीत अळी कुठून आली?" हा प्रश्न इथं दर पावसाळ्यानंतर कुणीतरी विचारतंच. त्याचं उत्तर हे आहे.

तुमच्या अळीला वेगळ्या बरणीत ठेवा. डासांच्या अळ्या, डॅफ्निया (पाणपिसवा) घाला, आणि पाण्याबाहेर येणारी एक काडी उभी करा. पाठीवरचे पंखांचे कोंब फुगलेले दिसले की ती आता काडीवर चढणार असं समजा. काडी नसेल तर बाहेर येता न आल्यामुळे बुडून मरते, म्हणून काडी विसरू नका.

काचेपलीकडे

माझी पद्धत सरळ आहे, बाहेरची वनस्पती आली की बुडवणी. पोटॅशियम परमँगनेटचं फिकट जांभळं पाणी दहा-पंधरा मिनिटं, नाहीतर तुरटीचं पाणी रात्रभर. मग स्वच्छ पाण्यातून दोन-तीनदा काढायचं आणि लावायचं. ब्लीच हायड्रिलाला किंवा व्हॅलिसनेरियाला लावू नका, पानं काचेसारखी पारदर्शक होऊन गळतात. ते अनुबियाससारख्या जाड पानांसाठी ठीक.

ज्यांना रसायन नको त्यांनी बाटलीतलं साधं सोडावॉटर वापरावं, साखर-मीठ-चव काही नसलेलं. वनस्पती पूर्ण बुडवून आठ ते बारा तास अंधारात ठेवायची. कार्बन डायऑक्साइडनं प्राणी गुदमरतात, वनस्पतीला तो चालतो.

टाचणी_चतुर

@काचेपलीकडे, पृष्ठभागावरच्या प्राण्यांसाठी हे सगळं उपयोगी आहे, वादच नाही. देठातल्या अंड्यांचं काय? गोगलगायींच्या अंड्यांभोवतीचा चिकट थरसुद्धा परमँगनेटला बऱ्यापैकी दाद देत नाही. त्यामुळे बुडवणी केली तरी वेगळ्या टबात चार-सहा आठवडे ठेवणं सुटत नाही. वारणाकाठ यांनी टबात ठेवलंय तेच मला पटतं.

द्राक्षबाग

मी तासगाव भागातला. माशांतलं मला फार कळत नाही, पण एक सांगतो, ते मनावर घ्या. वनस्पती कुठल्या ओढ्यातून, कुठल्या बंधाऱ्यातून काढताय ते आधी बघा. आमच्या बागांवर बोर्डो मारतात, म्हणजे मोरचूद आणि चुना. मोरचूद म्हणजे तांबं. पावसानं ते धुऊन ओढ्याला येतं. त्याशिवाय कीटकनाशकं वेगळी. ऑक्टोबर छाटणीनंतर तर फवारणीचा हंगामच असतो. बागेच्या खालच्या अंगाचं काही घेऊ नका.

काचेपलीकडे

द्राक्षबाग दादांनी लाखमोलाचं सांगितलं. तांब्याचा अगदी थोडा अंशही श्रिंपला आणि गोगलगायींना सोसत नाही. मासे ठणठणीत आणि श्रिंप एकामागून एक मरतायत असं झालं की पहिला संशय तांब्यावर घ्यावा. म्हणूनच माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांवरची जी औषधं तांब्याची असतात ती श्रिंपच्या टाकीत घालत नाहीत. वारणाकाठ, टबात गोगलगायी आणि अळ्या खेळतायत ना? मग पाणी बहुधा चांगलं आहे.

गुरांचा_डॉक्टर

गोगलगायींबद्दल मी बोलतो, कारण माझा रोजचा संबंध त्यांच्या दुसऱ्या बाजूशी येतो.

चपटी आहे ती बहुधा इंडोप्लॅनॉर्बिस एक्झुस्टस, आपल्याकडच्या जवळपास प्रत्येक तळ्यात, डबक्यात सापडते. तिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून कमी प्राणवायूच्या गढूळ पाण्यातही तगते. पातळ टोकदार शंखाची नीट बघा. शंखाचं टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, आणि तोंड उजव्या हाताला आलं तर लिम्निया, डाव्या हाताला आलं तर फायसा. फायसा मूळची उत्तर अमेरिकेतली, आता जगभर पसरलीय, आणि टाक्यांच्या छंदातूनही फिरते.

टाकीच्या दृष्टीनं या निरुपद्रवी आहेत. शेवाळ आणि सडकी पानं खातात. पण गुरं पाण्यावर येतात अशा ठिकाणच्या गोगलगायींतून दोन रोग फिरतात. लिम्नियामधून यकृतातला चपटा जंत, फॅसिओला जायगँटिका. इंडोप्लॅनॉर्बिसमधून रक्तातले जंत, त्यातला शिस्टोसोमा नेझेल नाकातल्या शिरांत राहतो आणि जनावर घोरल्यासारखा आवाज काढत श्वास घेतं. या रक्तजंताच्या अळ्या पाण्यात सुटतात आणि माणसाच्या कातडीतही घुसायचा प्रयत्न करतात. माणसात त्या वाढत नाहीत, पण खाज आणि पुरळ उठतो. म्हशी डुंबतात त्या पाण्यातली वनस्पती हाताळताना रबरी हातमोजे घाला, निदान नंतर हात कोरडे पुसून साबणानं धुवा. घरच्या टाकीत जनावराचं शेण येत नाही, त्यामुळे हे चक्र तिथंच तुटतं. आधीच बाधा झालेली गोगलगाय असेल तर तेवढीच, नव्यांना लागण होत नाही.

आणि हे कृपा करून लक्षात ठेवा. फॅसिओलाच्या अळ्या गोगलगायीतून बाहेर पडून पाणवनस्पतींवर, काठच्या गवतावर कवच करून बसतात. जनावराला लागण होते ती हे खाऊन. तेव्हा टाकीतली छाटलेली हायड्रिला शेळी-मेंढीपुढे टाकू नका. खटाव, माण, जतकडचे मेंढपाळ माझ्याकडे येतात, एकेका मेंढीवर घर चालतं. तुमच्या टबातलं ओलं रान तिच्या पोटात जायला नको. उन्हात खडखडीत वाळवून मगच खतात घाला.

मेढ्याची_वाट

डॉक्टरसाहेब, ते बसके शंकू फेरिसिया असावेत ना? बसक्या शंखाची गोड्या पाण्यातली गोगलगाय. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावात १९५० च्या दशकात माणसांमधल्या शिस्टोसोमाचा प्रादुर्भाव नोंदवला गेला होता आणि त्यात याच गोगलगायीकडे वाहक म्हणून बोट दाखवलं गेलं. घाटाच्या पलीकडचीच गोष्ट आहे.

गुरांचा_डॉक्टर

बरोबर, फेरिसिया टेन्युइस. भारतात माणसातल्या त्या रोगाच्या चर्चेत गिमवीचं नाव हमखास येतं. आजच्या टाकीवाल्यानं घाबरायचं कारण नाही. काचेवर फिरते, शेवाळाचा पातळ थर खाते, बस्स.

मेढ्याची_वाट

आता जेलीकडे येतो. सकाळपासून त्याच्याचसाठी थांबलो होतो.

वारणाकाठ, आधी हायड्रा नाही ना ते बघा. हायड्रा एकटा असतो, देठासारखं अंग, तोंडाभोवती पाच-सहा, फार तर दहा-बारा लांब स्पर्शिका, आणि त्या आळसावून लोंबतात. त्याला जेलीचा गोळा नसतो. तुमच्या वर्णनात एका गोळ्यातून पुष्कळ तुरे निघतायत आणि सगळे एकदम आत जातायत, म्हणून मला हा ब्रायोझोआ वाटतो. एक गोळा म्हणजे एक प्राणी नव्हे. वाड्यात बिऱ्हाडं असावीत तसे एका जेलीत अनेक सूक्ष्म प्राणी राहतात आणि प्रत्येकाचा आपापला तुरा असतो.

तुम्ही तीन गोष्टी बघून सांगा. तुरा वरून गोल दिसतो की घोड्याच्या नालाच्या आकाराचा? एका तुऱ्यात स्पर्शिका मोजता येतात की मोजण्यापलीकडे आहेत? आणि जेलीच्या आत काळपट, मोहरीहून लहान दाणे दिसतात का? साधं भिंग चालेल. फोल्डस्कोप, तो कागदी सूक्ष्मदर्शक, असेल तर उत्तमच.

तोवर एक विनंती, ती जेली खरवडू नका, चिरडू नका. का ते तुमचं उत्तर आल्यावर सांगतो.

वारणाकाठ

भाचीच्या शाळेतला फोल्डस्कोप मिळाला. तुरा नालाच्या आकाराचाच आहे. स्पर्शिका पन्नासच्या वर नक्की, त्यापुढे मोजता आल्या नाहीत. आणि हो, आत दाणे आहेत. लांबट, काळपट तपकिरी, कडेला फिकट पट्टा. दोन्ही टोकांना बारीक काटे आहेत आणि काट्यांना आकडे. मधल्या कडा साफ.

आणखी एक, काल हा गोळा होता तिथून आज देठावर थोडा पुढे सरकलेला वाटतोय. असं होतं का?

मेढ्याची_वाट

होतं! आणि तुमच्या या दोन ओळींनी उत्तर पूर्ण झालं. लोफोपोडेला कार्टेरी. दोन्ही टोकांना आकडेवाले काटे ही त्या दाण्यांची ओळख आहे. सर्रास सापडणारा दुसरा ब्रायोझोआ प्लुमॅटेला, तो देठावर तपकिरी फांद्याफांद्यांच्या नळ्यांनी पसरतो आणि त्याच्या दाण्यांना काटे नसतात. लोफोपोडेलाची लहान वसाहत हळूहळू सरकते, म्हणून तुमचा गोळा पुढे गेला.

या दाण्यांना स्टॅटोब्लास्ट म्हणतात. तळं आटलं, थंडी आली, वसाहत मेली, तरी दाणे टिकतात. पुन्हा पाणी मिळालं की त्यातून नवी वसाहत उगवते. आकड्यांनी ते वनस्पतीला, पक्ष्यांच्या पिसांना अडकून दूर जातात. येरळा उन्हाळ्यात कोरडी पडते, तरी हा प्राणी तिथं टिकू शकतो तो या दाण्यांच्या जोरावर.

नावातला कार्टर म्हणजे हेन्री जॉन कार्टर, एकोणिसाव्या शतकात मुंबईत असलेला डॉक्टर. त्यानं मुंबईच्या तळ्यांतले स्पंज आणि हे प्राणी बारकाईनं पाहिले होते. त्यावरून १८६६ साली 'कार्टेरी' हे नाव दिलं गेलं. म्हणजे जगाला हा जीव पहिल्यांदा कळला तो आपल्याच भागातून. पुढे अमेरिकेत पोचला तो परका म्हणून.

चिरडू नका म्हणालो त्याचं कारण तिथलंच. १९६० च्या दशकात अमेरिकेत याच्यावर प्रयोग झाले. अखंड वसाहत माशांना काही करत नाही, पण ती फाटली की आतला द्रव पाण्यात मिसळतो आणि माशांच्या कल्ल्यांना इजा करतो, मासे मरतात. टाकीत हा दिसला की घाबरून ब्लेडनं खरवडणं हेच सगळ्यात वाईट. देठ दोन्ही बाजूंनी कापायचा आणि अख्खा तुकडा पाण्यासकट वाटीत उचलायचा.

काचेपलीकडे

इतकी वर्षं टाक्या लावतोय, हे नव्यानं कळलं. मनापासून आभार. म्हणजे बुडवणी करायची तरी आधी भिंग घेऊन देठ तपासायचा. जेली असलेला देठ वेगळा काढून मगच बाकीचं परमँगनेटमध्ये घालायचं. बरोबर?

मेढ्याची_वाट

अगदी. आणि बुडवणीनं स्टॅटोब्लास्ट मरतील असं धरून चालू नका.

कोयनेचं_पाणी

मी कऱ्हाडची. प्रीतिसंगमाच्या बाजूला फिरायला जाते तेव्हा काठाच्या वनस्पतींवर असले गोळे दिसतात का बघेन. वारणाकाठ, तुम्ही हा प्राणी ठेवणार का? मुलांना दाखवायला मलाही हवाय.

वारणाकाठ

ठेवायचाच आहे. श्रिंपच्या टाकीत नाही, वेगळ्या बरणीत. खायला काय घालू?

मेढ्याची_वाट

हिरवं पाणी. उन्हात ठेवलेल्या टबाचं पाणी हिरवं होतं तेच. स्पर्शिकांवरच्या सूक्ष्म केसांनी तो पाण्याचा प्रवाह ओढतो आणि त्यातली एकपेशीय शेवाळं, जिवाणू गाळून खातो. छान गाळलेल्या, चकचकीत टाकीत त्याची उपासमार होते, म्हणून टाकीत तो सहसा फार काळ टिकत नाही. बरणी सावलीत ठेवा, रोज थोडं पाणी बदलून हिरवं पाणी घाला, हलका हवेचा बुडबुडा चालेल. तुरे बाहेर यायचे थांबले आणि जेली पांढुरकी, ढगाळ झाली तर त्याच दिवशी काढून टाका, सडू देऊ नका. दाणे मात्र जपा, चाळणीवर धरून छोट्या कुपीत ठेवा. ताईंना तेच पाठवा, अख्खी वसाहत नको. वसाहत वाटेत हिंदकळून फाटेल.

आणि सगळ्यांना हात जोडून सांगतो, यातलं काहीही दुसऱ्या नदीत, विहिरीत, तळ्यात सोडू नका. येरळेचं येरळेला परत केलं तर एक वेळ चालेल, पण टाकीच्या पाण्यातून फायसा, गप्पी आणि दुकानातल्या वनस्पतींचे तुकडेही जातात. गप्पी दक्षिण अमेरिकेतला, डासांसाठी म्हणून आपल्या विहिरी-डबक्यांत सोडला गेला आणि आता हटत नाही. कासच्या पठारावरून, कास तलावातून तर काहीच उचलू नका. ते २०१२ पासून जागतिक वारशात आहे, तिथं बघायचं आणि परत यायचं.

टाचणी_चतुर

हे सगळं वाचून विचारावंसं वाटलं, सातारा जिल्ह्यात गोड्या पाण्यातले जेलीफिश आहेत म्हणतात, ते खरं का? मेढा म्हटलं की कुणीतरी हे सांगतंच.

मेढ्याची_वाट

खरं आहे, आणि मला या भागाचा सगळ्यात जास्त अभिमान कशाचा असेल तर याचा. शंकर पुरुषोत्तम आघारकर, मूळचे मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ. सह्याद्रीत फिरताना त्यांना कृष्णेच्या उपनद्यांत, आमच्या वेण्णेत आणि कोयनेत, छोटे पारदर्शक जेलीफिश दिसले. त्या वंशाचे प्राणी तोवर फक्त आफ्रिकेत माहीत होते. कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे ॲनंडेल यांनी त्याला लिम्नोक्निडा इंडिका नाव दिलं, आणि आघारकरांचं टिपण १९१२ साली 'नेचर'मध्ये छापून आलं. वनस्पती बघायला गेलेल्या माणसानं पाण्यातला प्राणीही तितक्याच आस्थेनं पाहिला.

पुण्याच्या ज्या संस्थेला आज त्यांचं नाव आहे त्या आघारकर संशोधन संस्थेत हायड्रावर वर्षानुवर्षं काम झालंय. हायड्रा व्हल्गॅरिसचा 'इंड-पुणे' म्हणून ओळखला जाणारा वाण तिथलाच. हायड्रा आणि जेलीफिश एकाच संघातले. टाकीत हायड्रा दिसला की आपण जंताचं औषध शोधायला धावतो. टाकीत पिल्लं असतील तर धावायलाही हवं, पण एखादा बरणीत वेगळा ठेवून दोन तुकडे करून बघा. दोन्ही तुकड्यांतून अख्खा हायड्रा उभा राहतो. शाळेतल्या पोरांना हे एकदा दाखवलं की पुढे आठवण करून द्यावी लागत नाही.

काचेपलीकडे

हायड्रा मारायला जनावरांचं जंताचं औषध, फेनबेंडाझोल, चालतं, श्रिंपना सहसा त्रास होत नाही, पण काही गोगलगायी त्यानं मरतात. ज्यांनी हौसेनं गोगलगायी पाळल्यात त्यांनी त्या आधी बाहेर काढाव्यात. औषध झाल्यावर मेलेला मालही लगेच उपसावा, नाहीतर अमोनिया वाढतो.

कोयनेचं_पाणी

मेढ्याची_वाट, कोयनेत जेलीफिश बघायचे तर कधी? धरणाच्या खाली पाणी सोडलेलं असतं ना.

मेढ्याची_वाट

ताई, उन्हाळ्यात. धार थांबून डोह उरतात, पाणी संथ आणि कोमट होतं तेव्हा. धरणातून पाणी सोडतात त्या पात्रात उतरू नका, तिथं पातळी अचानक वाढते. वरच्या ओढ्यांचे, उपनद्यांचे डोह बघा, कुणाला तरी सोबत घेऊन. काठावर शांत बसून पाण्याच्या वरच्या थरात बघायचं. पारदर्शक असतात, त्यामुळे आधी त्यांची सावली तळावर दिसते. दिसले तर फोटो, जागा, तारीख आणि पाण्याचं तापमान टिपून इथं टाका. बादलीत घेऊ नका, ते टाकीत जगत नाहीत.

वारणाकाठ

ठरलं तर. हायड्रिला आणि सेराटोफायलम टबातच, सहा आठवडे. जेली आणि टाचणीची अळी दोन वेगळ्या बरण्यांत, अळीच्या बरणीत काडी उभी केलीय. टोकदार गोगलगाय फायसा आहे, तोंड डाव्या हाताला येतंय. लिम्निया एकही दिसली नाही. छाटलेलं सगळं गच्चीवर वाळत टाकलंय, शेजारच्यांच्या शेळ्या आहेत, त्यांनाही सांगून आलो.

ताई, दाणे गोळा झाले की निरोप देतो. कऱ्हाडला माझं येणं-जाणं असतं.